चौथीच्या वर्गावर कोण? बीएलओ ड्युटी लागलेल्या एका बाईंचं प्रकरण

शिक्षकांच्या अशैक्षणिक कामांवर बोलणं निघालं की दोन मिनिटांत गाडी पगारावर आणि मे महिन्याच्या सुट्टीवर जाते आणि विषय तिथेच मिटतो. मला वर्गाबद्दल बोलायचंय. शिक्षकाला निवडणुकीच्या कामावर घेणारा आदेश निघतो त्यात नाव असतं, हुद्दा असतो, यादीभाग, म्हणजे मतदारयादीच्या भागाचा क्रमांक असतो, हजर व्हायची तारीख असते आणि हजर झाला नाहीत तर कुठल्या कलमाखाली कारवाई तेही असतं. त्या दिवसांत त्या शिक्षकाच्या वर्गावर कोण उभं राहणार हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. एका बाईंना बीएलओ, म्हणजे घरोघर जाऊन मतदारयादी तपासणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, नेमलं तेव्हा त्यांच्या शाळेत ह्यामुळे काय काय झालं ते मी जवळून पाहिलंय, मी पण त्याच भागात शिकवते आणि बाईंनी पत्र लिहायला घेतलं तेव्हा सोबत होते. शाळेची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, घडलेलं तेच ठेवलंय.

शाळा आणि तिथली माणसं

मुंबईच्या पूर्व उपनगरातली भांडुपकडची खासगी अनुदानित मराठी शाळा, पहिली ते चौथी, दुपारचं सत्र, साडेबारा ते सहा. 2024-25 ला पटावर 118 मुलं. आता हा आकडा लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी 91 ते 120 मुलांना 4 शिक्षक धरलेत, 121 झाली की पाचवा शिक्षक मिळतो, आणि वेगळा मुख्याध्यापक हवा असेल तर पट 150 च्या वर लागतो. म्हणजे ह्या शाळेत चार वर्गांना चार शिक्षक, आणि त्या चारांतल्याच सगळ्यात सिनियर बाई मुख्याध्यापकाचं काम बघणार आणि शिवाय पहिलीचा वर्ग पण घेणार. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. मराठी शाळांचा पट मुंबईत कसा घसरत गेलाय ते सांगायला नको, तीन मुलं कमी म्हणून एक शिक्षक कमी ही परिस्थिती कितीतरी शाळांमध्ये आहे.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हाच दुसरीच्या बाई प्रसूती रजेवर होत्या. त्यांच्या जागी बदली शिक्षक मिळवायचा तर प्रस्ताव, मान्यता, फाईल, ह्या सगळ्यात रजा संपत येते. म्हणजे कागदावर चार, प्रत्यक्षात तीन. त्यातल्या चौथीच्या बाई म्हणजे आपल्या ह्या प्रकरणातल्या बाई. वय चाळीसच्या आसपास, नोकरीची पंधरा-सोळा वर्षं झालेली, राहायला टिटवाळ्याला. तिसरीचे सर नवे, शिक्षण सेवक म्हणून लागलेले, महिन्याला 16 हजार मानधन, तीन वर्षं असंच चालणार.

चौथीत 31 मुलं. जुलैत पायाभूत चाचणी झाली, पण बाईंना चाचणीच्या आधीच वर्ग कळलेला होता कारण त्या शाळा उघडल्यापासून एकेकाला टेबलाशी बोलावून वाचून घेत होत्या. साधारण वीसेक मुलं धडा वाचणारी, थोडं अडखळत का होईना. नऊ मुलं अशी होती की सुटा शब्द वाचतात पण वाक्य आलं की शेवटपर्यंत जाईस्तोवर सुरुवात विसरतात, आणि दोघंजण जोडाक्षर आलं की थांबूनच जायची. त्या दोघांतली एक मुलगी मेमध्येच जालन्याकडून आलेली, वडील बांधकामावर, आधीच्या दोन वर्षांत तिची शाळा तीनदा बदललेली. गणितात हातच्याची वजाबाकी अर्ध्या वर्गाला नीट येत नव्हती, मग भागाकार कसा येणार.

ह्या अकरा मुलांसाठी बाईंनी सत्र सुरू झाल्या झाल्या पहिली चाळीस मिनिटं राखून ठेवली होती. बाकीच्यांना लिहायचं काम द्यायचं आणि ह्यांना जमिनीवर गोल करून बसवायचं, रोज तेच, एक छोटा उतारा, आधी बाई वाचणार, मग सगळे, मग एकेक. खडूनं फरशीवर शब्द लिहायचे, त्यावर उडी मारत वाक्य पुरं करायचं. हे काम दिसायला किरकोळ वाटतं. पण ज्याला वाचन शिकवायचा अनुभव आहे त्याला माहितीये की ह्यात एकच गोष्ट चालते ती म्हणजे रोज. तीन दिवस झालं आणि चार दिवस गेलं की पाचव्या दिवशी मूल पुन्हा पहिल्या दिवशी असतं, आणि वर त्याला आता हेही कळलेलं असतं की आपल्याला येत नाही.

आदेश आला

2024 हे निवडणुकांचंच वर्ष होतं. त्याआधी जानेवारीत शिक्षकांना लावलेलं मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण, मग 20 मे ला लोकसभेचं मतदान, त्यात बाईंना मतदान केंद्रावर ड्युटी होती आणि ती त्यांनी एका शब्दाची तक्रार न करता केली, कारण शाळेला सुट्टी होती, वर्ग कुठेही अडकत नव्हता. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढे ह्याच बाईंना काही लोकांनी कामचुकार म्हटलं.

मग विधानसभेची तयारी. 1 जुलै 2024 ही पात्रता तारीख धरून मतदारयाद्यांचं पुनरीक्षण लागलं आणि बाईंना शाळेजवळच्या एका यादीभागाची बीएलओ म्हणून नेमणूक आली. यादीत हजार-बाराशे मतदार. घरोघर जायचं, कोण राहतं कोण गेलं ते बघायचं, नवीन नावासाठी फॉर्म 6, मयत किंवा कायमचे गेलेले असतील तर फॉर्म 7, पत्ता किंवा नाव दुरुस्तीसाठी फॉर्म 8, आणि हे सगळं मोबाईलमधल्या ॲपवर चढवायचं. ऑगस्टच्या शेवटी अंतिम यादी लागणार म्हणून सगळ्यांवर घाई.

यादीचं काम फालतू आहे असं मी अजिबात म्हणत नाही. भांडुपसारख्या भागात तर ते फार जबाबदारीचं काम आहे. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलेली, माणसं भाड्यानं कुठे दिव्याला कुठे बदलापूरला, पण बिल्डिंग झाली की परत येणार, त्यांचं नाव काढायचं की ठेवायचं? बाईंनी एकदा अशा एका कुटुंबाला फोन लावून लावून शोधलं कारण शेजारी म्हणत होते ते गेले कायमचे आणि ते खरं नव्हतं. एक सही चुकली तर चार माणसांचं मत जातं. एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमध्ये वॉचमन आत सोडत नाही, सोडलं तर लिफ्ट बंद, दुपारी दार वाजवलं तर घरात फक्त म्हातारी आजी, तिला कागद कुठे आहेत माहीत नाहीत, सून सातला येणार. म्हणजे माणसं भेटायची तर संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी. आणि 8 जुलैला तर पावसानं मुंबईच थांबली होती, शाळांना सुट्टी द्यावी लागली, त्या आठवड्यात वस्तीत फिरणं म्हणजे गुडघाभर पाण्यातून.

दुपारच्या सत्राच्या शिक्षकाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं, "मॅडम, सकाळी तुम्ही मोकळ्याच असता ना." नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्याच अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याला किमान 45 तास धरलेत, शिकवण्याचे आणि तयारीचे मिळून. वर्गात तीस-एकतीस जातात, उरलेले चौदा-पंधरा तास वह्या, नियोजन, नोंदी, साहित्य. तेच सकाळचे तास आहेत. ते कुणाला दिसत नाहीत म्हणून ते रिकामे आहेत असं धरलं जातं.

आणि प्रत्यक्षात सकाळवर भागलंही नाही. प्रशिक्षण दुपारी दोनला. आढावा मीटिंग दुपारी तीनला, मुलुंडला. व्हॉट्सॲप ग्रुपवर बीएलओंच्या पर्यवेक्षकांचा मेसेज, आज किती फॉर्म झाले, चारच्या आत कळवा. चार वाजता बाई वर्गात असतात, फळ्यावर भागाकार चाललेला असतो. फोन उचलला नाही की ग्रुपवर सगळ्यांसमोर नाव.

वर्गात काय झालं

पहिले दोन आठवडे तर कसेबसे गेले. मीटिंग असेल त्या दिवशी तिसरीचे सर तिसरी आणि चौथी एकत्र बसवायचे. तिसरीत 30, चौथीत 31, एका खोलीत 61 मुलं, जुलैचा दमट उकाडा, दोनातला एक पंखा चालू. मोठ्या बाईंकडे पहिली आणि रजेवरच्या बाईंची दुसरी, म्हणजे त्यांच्याकडे 57, आणि त्याच वेळी ऑफिस. ऑफिसात त्या महिन्यात वेगळीच झुंबड होती, लाडकी बहीण योजनेच्या अर्जाला रहिवासाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला चालतो म्हटल्यावर वीस-वीस वर्षांपूर्वी शाळेतून गेलेल्या बायका दाखल्याची नक्कल मागायला दारात. त्यांचाही हक्क आहेच, दीड हजार रुपयांचा प्रश्न आहे त्यांच्या घरात. मोठ्या बाई जनरल रजिस्टर उघडून बसायच्या आणि पहिलीची पोरं व्हरांड्यात यायची.

खिचडी आली की चव घेऊन नोंद करायची, हजेरीचा आकडा भरायचा, यू-डायस आणि सरल ह्या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती, आधार जुळत नसलेल्या मुलांच्या पालकांना फोन, कारण आधार जुळलं नाही तर ते मूल संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, धरलं जाणार नाही आणि मग शिक्षकच कमी होईल. हे सगळं तीन माणसांत, आणि त्यातलं एक अर्धं बाहेर.

त्या चाळीस मिनिटांचं काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. सर प्रामाणिक आहेत, पण 61 मुलांत अकरा मुलांना वेगळं घेऊन बसणं शक्यच नाही, त्यांनी फळ्यावर लिहून दिलं, मुलांनी उतरवलं. ज्यांना वाचता येत नाही ती मुलं उतरवायला फार चांगली शिकतात हे एक मला कायम अस्वस्थ करणारं आहे. वही बघितली तर सुंदर अक्षर. वाच म्हटलं तर गप्प.

जुलैच्या शेवटी पालकसभा झाली. जालन्याच्या मुलीची आई आली होती, कामावरून खाडा करून. तिनं वही पुढे केली आणि म्हणाली, "बाई, पंधरा दिवस झाले हिच्या वहीवर तुमची सही न्हाई, पोरगी म्हनती बाईच येत न्हाईत." बाईंकडे उत्तर होतं, पण ते त्या आईला सांगून काय उपयोग. त्याच आठवड्यात बाईंना कारणे दाखवा नोटीस आली होती, फॉर्मची पडताळणी संथ का. एकीकडे नोटीस लेखी, शिक्क्यासह, तीन दिवसांत खुलासा. दुसरीकडे त्या आईचा प्रश्न तोंडी, त्याची कुठे नोंद नाही, त्याला मुदत नाही. बाईंनी त्या दिवशी मला फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, मी कुठल्या कामाला आधी जाणार ते आता मी ठरवतच नाहीये, ज्याची नोटीस येते तिकडे मी जाते."

मला वाटतं सगळं प्रकरण ह्या वाक्यात आहे.

कायदा बघितला तेव्हा

मग आम्ही दोघींनी बसून कागद बघितले. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 शिक्षकाची कर्तव्यं सांगतं, वेळेवर नियमित हजर राहणं, अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पूर्ण करणं, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरज असेल तिथे जादा शिकवणं, पालकांच्या नियमित भेटी घेणं. आणि त्याच कलमात पुढे आहे की ह्यात कसूर केली तर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे त्या अकरा मुलांची चाळीस मिनिटं बाईंची हौस नव्हती, ते कायद्यानं सांगितलेलं काम होतं.

कलम 27 म्हणतं शिक्षकाला शिक्षणेतर कामाला लावायचं नाही, पण तीन अपवाद, दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण, आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ, संसद ह्यांच्या निवडणुकांशी संबंधित कामं. हा तिसरा अपवाद इतका रुंद आहे की त्यातून जवळपास सगळं आत येतं. ऑगस्ट 2024 मध्ये शासनानं शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी केली ती चांगलीच गोष्ट आहे, पण कायद्यातला हा अपवाद तसाच आहे.

दुसऱ्या बाजूला लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1950 चं कलम 32. मतदारयादीच्या कामात वाजवी कारणाशिवाय कर्तव्यभंग केला तर किमान तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड. शिक्षकांच्या ग्रुपवर हे कलम सतत फिरत असतं आणि बहुतेकांनी त्यातला "वाजवी कारणाशिवाय" हा भाग वाचलेलाच नसतो, फक्त कैद वाचलेली असते.

आणि ह्या दोन्हींच्या मधे सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2007 चा निकाल आहे, निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल. त्यात न्यायालयानं म्हटलंय की शिक्षकांना यादी पुनरीक्षणाचं आणि निवडणुकीचं काम सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या दिवसांव्यतिरिक्त द्यावं, शिकवण्याच्या दिवशी शिकवण्याच्या वेळेत साधारणपणे देऊ नये, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मात्र कुठल्याही दिवशी देता येईल. हा निकाल येऊन इतकी वर्षं झाली, तरी दुपारी दोनला प्रशिक्षण ठेवताना तो कुणाच्या समोर नसतो. मुद्दाम डावललं जातं असं मला वाटत नाही. तिकडच्या ऑफिसातही माणसं कमीच, वरून रोज आकडा मागतात, आणि शिक्षक हा असा वर्ग आहे की यादीत सापडतो, लिहिता येतं, वस्तीत ओळख असते, आणि सहसा नाही म्हणत नाही. बीएलओ म्हणून अंगणवाडी सेविका, तलाठी, पालिकेचे कर्मचारी नेमता येतात, पण त्या जुलैत अंगणवाडी सेविका लाडकी बहीणच्या अर्जांत बुडालेल्या.

पत्र आणि त्यानंतर

बाईंना काही सहकाऱ्यांनी दोन सल्ले दिले. एक, मेडिकल टाका, म्हणजे आजारपणाची रजा. दोन, युनियनला सांगून नाव काढून घ्या. दोन्हीला बाई तयार नव्हत्या. खोटं मेडिकल त्या देणार नव्हत्या आणि नाव निघालं असतं तर तिसरीच्या सरांचं लागलं असतं, शाळेचं गणित तेच राहिलं असतं.

मग पत्र लिहिलं, मोठ्या बाईंच्या मार्फत, मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना, प्रत शिक्षण विभागाला. त्यात काम करणार नाही असं कुठेही नव्हतं. पहिल्याच ओळीत काम स्वीकारलंय आणि चालू आहे असं होतं, आतापर्यंत किती घरं झाली त्याचा आकडा होता. मग शाळेची स्थिती, पट, मंजूर शिक्षक, हजर शिक्षक, एकत्र बसवलेले वर्ग, तारखेनिशी. मग 2007 च्या निकालाचा उल्लेख. आणि मागणी अगदी छोटी, प्रशिक्षण आणि आढावा सत्राच्या वेळेबाहेर किंवा ऑनलाईन घ्यावा, आणि साडेबारा ते दोन ह्या वेळात फोन किंवा रिपोर्ट मागू नये. सोबत वर्गाचं वेळापत्रक जोडलं.

मोठ्या बाई सही करताना बऱ्याच वेळ थांबल्या. अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकाला कशाकशाची भीती असते ते बाहेरच्याला कळणार नाही, पट, मान्यता, पगारबिल, सगळं कुणाच्या तरी टेबलावरून जातं. पण त्यांनी सही केली आणि आवक-जावक नंबर घालून पोच घेतली. ही पोच पुढे सगळ्यात कामाची ठरली.

लेखी उत्तर आलंच नाही. पण नायब तहसीलदारांनी बाईंना बोलावून घेतलं, नीट ऐकलं, म्हणाले, "मॅडम, मला काम झालेलं पाहिजे, तुम्ही शनिवार-रविवार करा, मी पर्यवेक्षकांशी बोलतो." नोटिशीचा विषय पत्रालाच खुलासा धरून मिटला. पर्यवेक्षक स्वतः पालिकेतले, दहा-एक बीएलओ सांभाळणारे, माणूस वाईट नव्हता, त्यांनाही वरून फोन. त्यांनी दोनपर्यंतचा वेळ मान्य केला आणि बऱ्यापैकी पाळला.

आता इथे लोक म्हणतील, झालं की, सुटला प्रश्न. नाही सुटला, दुसरीकडे सरकला. कारण सत्र सुटल्यावर सव्वासहाला बाई वस्तीत निघायच्या, साडेआठपर्यंत फिरायच्या, मग भांडुपहून ट्रेन, टिटवाळ्याला घरी पोचेपर्यंत दहा. सहानंतर शाळेला कुलूप, म्हणजे वस्तीत फिरताना बाथरूमची सोय नाही, म्हणून दुपारनंतर पाणीच प्यायचं नाही, ह्याचा त्रास त्यांना सप्टेंबरपर्यंत पुरला. अंधाऱ्या जिन्यांवरून एकटीनं जायचं. रविवारी सकाळी पुन्हा भांडुप. आयोगाचं बीएलओ मानधन तेव्हा वर्षाला 6 हजार होतं, ते 2025 च्या ऑगस्टमध्ये 12 हजार केलं, पण पैशाचा हा मुद्दा बाईंनी एकदाही काढला नाही.

आणि रविवारच्या बदल्यात बदली सुट्टी मिळते असं म्हणतात. मिळते, पण ती घ्यायची कधी? शाळेच्या दिवशी. म्हणजे बाईंनी हक्काची बदली सुट्टी घेतली की त्या दिवशी पुन्हा 61 मुलं एका खोलीत. बाईंनी एकही घेतली नाही. न्यायालयाच्या निकालानं वर्गाचा वेळ वाचतो हे खरं, पण शिक्षकाचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस जातो, आणि तो परत द्यायचा म्हटला की वर्गाचा दिवस जातो. शाळेत एक जादा माणूस असल्याशिवाय हे गणित कुठल्याही बाजूनं सोडवा, उत्तर वजाच येतं. मला शिक्षणखात्याचा राग येतो तो इथे. आदेश निवडणूक यंत्रणेनं काढला हे मान्य, पण मागचा वर्ग तर तुमचा आहे ना, त्या दोन महिन्यांसाठी तासिका तत्त्वावर एक माणूस द्यायची तरतूद तुम्ही का नाही करत.

वर्गात मात्र फरक पडला. साडेबारा ते दोन हा वेळ परत मिळाल्यावर पहिली चाळीस मिनिटं परत सुरू झाली, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून. बाईंनी नव्यानं वाचून घेतलं तेव्हा नऊपैकी चौघं जुलैत होती तिथेच होती आणि दोघं मागे गेलेली. जालन्याची मुलगी पहिले काही दिवस गोलात बसायलाच तयार नव्हती, मागच्या बाकावर बसून धडा उतरवत राहायची. बाईंनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, तिला खडू आणून देण्याचं काम दिलं, मग फरशीवर शब्द लिहायचं काम दिलं, मग लिहिलेलं वाचायचं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती छोटा उतारा सावकाश वाचत होती. सगळी अकरा मुलं काही तिथवर पोचली नाहीत. तीन मुलं चौथी संपताना पण नीट वाचत नव्हती आणि त्यांना पाचवीला दुसऱ्या शाळेत जायचं होतं, कारण ही शाळा चौथीपर्यंतच. ती तीन मुलं फक्त बीएलओ ड्युटीमुळे मागे राहिली असं मी म्हणणार नाही, घरची कारणं होती, गैरहजेरी होती. पण जुलैतले ते आठवडे त्यांच्या वाट्याला आले असते तर काय झालं असतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्याचा हिशोब मागणारं कुठलंच ॲप नाही.

20 नोव्हेंबरच्या विधानसभेच्या मतदानाला बाईंची ड्युटी परत लागली. मतदानाच्या दिवशी सुट्टीच असते त्यामुळे त्याचा त्रास नव्हता, पण आधीची प्रशिक्षणं परत शाळेच्या दिवशी.

कुणी काय करायला हवं होतं

नेमणुकीच्या आदेशावरच एक रकाना हवा, ह्या कर्मचाऱ्याच्या मूळ कामाची पर्यायी व्यवस्था काय, आणि तो शाळेकडून भरून आल्याशिवाय आदेश पक्का होऊ नये. चार शिक्षकी शाळेत एक जण आधीच रजेवर आहे हे त्या रकान्यात आलं असतं तर निदान कुणीतरी ते वाचलं असतं. आत्ता यंत्रणा शाळांकडून शिक्षकांची नावं मागवते, पट मागवत नाही. वीस शिक्षकांची शाळा आणि चार शिक्षकांची शाळा एकाच मापानं मोजली जाते. मोठ्या शाळेत एक माणूस बाहेर गेला तर तास वाटून घेता येतात, इथे अख्खा वर्ग उघडा पडतो.

मुख्याध्यापकांनी आदेश आला त्याच दिवशी पत्र द्यायला हवं, महिना गेल्यावर नाही. आपल्याकडे सवय अशी की आधी निभावून बघू. ह्या शाळेतही महिनाभर निभावलं आणि त्या महिन्याची किंमत मुलांनी भरली. आणि शिक्षक असाल तर एक ऐका, फोनवर बोलून काही होत नाही. तारखेनिशी टिपण ठेवा, कुठल्या दिवशी किती वाजता बोलावलं, तेव्हा वर्ग कुणाकडे होता. बाईंच्या पत्रात कायद्यापेक्षा ह्या टिपणानं जास्त काम केलं, समोरच्या अधिकाऱ्यानं ते पान उलटून पाहिलं आणि मगच बोलायला लागले. पत्रात आधी झालेलं काम लिहा, मग अडचण, मग मागणी, आणि मागणी अशी ठेवा की समोरचा माणूस स्वतःच्या पातळीवर हो म्हणू शकेल. ड्युटी रद्द करा ही मागणी नायब तहसीलदाराच्या हातात नसते, दोननंतर फोन करा ही असते.

2025 च्या शेवटी महापालिका निवडणुकीच्या निमित्तानं परत यादीची कामं सुरू झाली आणि बाईंना परत बोलावणं आलं. ह्या वेळी त्यांनी हजर व्हायच्या दिवशीच वेळापत्रक जोडलेलं पत्र सोबत नेलं, जुन्या पत्राची पोच लावून. पर्यवेक्षक नवीन होते, त्यांनी वाचलं आणि ग्रुपवर टाकलं की शिक्षकांनी रिपोर्ट रात्री आठपर्यंत दिला तरी चालेल. शाळेत पाचवा शिक्षक अजून नाही, पट 116 आहे.